राजम्याच्या ५३८ दाण्यांपासून सुरू झालेली आमची वाटचाल

नोव्हेंबर २०१६. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला होता आणि माझी सातवीतली मुलगी शाळेतून आली ती चिडूनच, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि म्हणाली, आई, हिलरी क्लिंटनना जास्त लोकांनी मत दिलं, मग त्या हरल्या कशा? मी मूळची साताऱ्याची, न्यू जर्सीत यायच्या आधी शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचे, त्यामुळे असा प्रश्न आला की मला राहवत नाही. पण उत्तर नुसतं तोंडाने सांगून तिला पटेना, मग मी डायनिंग टेबलवर तिच्या वहीतला अमेरिकेचा नकाशा पसरला आणि राजम्याची बरणी घेतली.

इथे राष्ट्राध्यक्ष देशभरातल्या एकूण मतांवर नाही, तर राज्याराज्यांच्या 'इलेक्टोरल' मतांवर ठरतो, एक दाणा म्हणजे असं एक मत. प्रत्येक राज्याला प्रतिनिधीगृहात जितक्या जागा तितके दाणे, वर सिनेटचे दोन. वायोमिंगला ३, आमच्या न्यू जर्सीला १४, कॅलिफोर्नियाला तेव्हा ५५. राजधानी वॉशिंग्टनला राज्यघटनेच्या १९६१ च्या २३ व्या दुरुस्तीमुळे मिळालेले ३. सगळे मोजले की ५३८, आणि जिंकायला २७० लागतात. मग दोन उमेदवारांच्या दोन वाट्या घेतल्या, बहुतेक राज्यांत जो पुढे त्यालाच तिथले सगळे दाणे. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात दोघांमधला फरक पन्नास हजार मतांच्याही आत होता, पण तिथले २० च्या २० दाणे एकाच वाटीत गेले, ते बघून पोरगी गप्पच झाली. देशभरात २८ लाखांहून जास्त मतं जास्तीची मिळूनही दुसरी वाटी का भरली नाही हे तिला दाणे मोजता मोजता कळलं. मग तिने पुढचा प्रश्न टाकला, पण हे असं ठेवलंच का?

हा 'का' आमच्या धंद्याचा, म्हणजे शाळांसाठी इतिहास-नागरिकशास्त्राचे व्हिडिओ करण्याचा, पाया आहे, हे मी आज अगदी मनापासून सांगते.

दुसऱ्या दिवशी डब्यांच्या चळतीवर फोन आडवा टेकवून तेच सगळं परत केलं आणि शूट केलं, फक्त हात, नकाशा, दाणे आणि माझा आवाज. मुलीच्या टीचरना पाठवलं, त्यांनी वर्गात दाखवलं आणि विचारलं की सिनेटवर असा एक कराल का. मे २०१५ पासून एच-फोर व्हिसावाल्यांपैकी (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदारांना मिळतो तो) काहींना वर्क परमिट मिळायला लागलं होतं, त्यात माझाही नंबर लागला होता, म्हणून २०१७ मध्ये रीतसर कंपनी रजिस्टर करता आली. त्याआधीची बारा वर्षं मी घरी होते, शिकवायची सवय असलेल्या माणसाला ते किती जड जातं ते ज्याचं त्यालाच माहीत.

सुरुवातीला मला माझ्या उच्चारांची भीती वाटायची. म्हणून पहिल्या सहा व्हिडिओंना पैसे देऊन इथल्या माणसाचा आवाज घेतला, काम छान झालं होतं, पण दोन-तीन टीचरनी स्वतःहून कळवलं की तो राजम्याचा व्हिडिओ मुलं जास्त लक्ष देऊन बघतात, कारण त्यात बोलणारी बाई मध्येच थांबते आणि विचारते, हे असं का बरं? इथे वाढलेल्या माणसाला ज्या गोष्टी गृहीत वाटतात त्यांच्यापाशी मी अडखळत होते, आणि मुलंही नेमकी तिथेच अडखळतात. तेव्हापासून आवाज माझाच.

एक चूक सांगायलाच हवी. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरच्या व्हिडिओत मी म्हटलं होतं की ४ जुलै १७७६ ला सगळ्यांनी सह्या केल्या. ४ जुलैला मसुदा मंजूर झाला, बहुतेकांच्या सह्या झाल्या २ ऑगस्टला. एका टीचरनी ईमेल केला तोवर तो व्हिडिओ चार शाळांत दाखवून झाला होता. मला दोन रात्री झोप नाही लागली. चारही शाळांना पत्र लिहिलं, व्हिडिओ नव्याने केला, आणि तेव्हापासून नियम असा की प्रत्येक तारीख मूळ कागदावर बघितल्याशिवाय शूट नाही. नॅशनल आर्काइव्ज (सरकारी दफ्तरखाना) आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचं बरंच काही ऑनलाइन बघायला मिळतं, आणि केंद्र सरकारने स्वतः तयार केलेल्या मजकुराला इथे कॉपीराइट नसतो, हे आमच्यासारख्या छोट्या कंपनीला केवढं वरदान आहे!

त्यातूनच आमचा गिडियनचा व्हिडिओ झाला. क्लॅरेन्स गिडियन, फ्लोरिडातला गरीब माणूस, १९६१ मध्ये चोरीचा आरोप आला, वकील मागितला तर कोर्ट म्हणालं फाशीच्या गुन्ह्यालाच सरकारी वकील मिळतो, मग स्वतःच केस लढला, पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्याने सुप्रीम कोर्टाला पेन्सिलीने अर्ज लिहिला. मी व्हिडिओत पहिलं दीड मिनिट काहीच बोलत नाही, फक्त ते रेघांच्या कागदावरचं पेन्सिलीचं अक्षर हळूहळू पुढे सरकतं. १९६३ मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी त्याच्या बाजूने निकाल दिला आणि वकिलासकट परत खटला चालला तेव्हा तो निर्दोष सुटला. एका शाळेत हा व्हिडिओ संपल्यावर मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, म्हणजे तो पहिल्यांदाही निर्दोषच असेल ना? मी त्या वर्गात होते. ते वाक्य मी ऑफिसच्या फळ्यावर लिहून ठेवलंय.

धंद्याचं म्हणाल तर शाळांना विकणं सोपं नाही. त्यांचं वर्ष १ जुलै ते ३० जून, बजेट ठरायच्या आधी गाठलं नाही तर पुढच्या वर्षावर जातं, परचेस ऑर्डर, म्हणजे शाळेची लेखी मागणी, हातात आल्याशिवाय काही द्यायचं नाही हे आम्ही ठेच लागून शिकलो (एका ठिकाणचे पैसे नऊ महिन्यांनी आले, तोवर नवऱ्याच्या पगारातून एडिटिंगच्या कॉम्प्युटरचा हप्ता भरला). बऱ्याच शाळांत यूट्यूब बंद असतं, म्हणून फाइल वेगळी द्यावी लागते, आणि कॅप्शन तर हवेतच, ते मशीनवर सोडून चालत नाही, मी एकेक ओळ स्वतः तपासते. २०२१ मध्ये न्यू जर्सीने लॉरा वुटेन यांच्या नावाचा कायदा केला, मिडल स्कूलमध्ये नागरिकशास्त्र सक्तीचं झालं आणि आमचं काम वाढलं. या बाईंनी ७९ वर्षं मतदान केंद्रावर काम केलं होतं. एकोणऐंशी! त्यांच्यावर व्हिडिओ केला नसता तर मला चैन पडलं नसतं.

मला सगळ्यात जवळचा व्हिडिओ मात्र राज्यघटनेच्या १३ व्या दुरुस्तीवरचा. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली इथपर्यंत सगळेच शिकवतात. आम्ही पुढे जाऊन पुणे दाखवलं. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या त्याच लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांना मुक्त करायला झीज सोसली, आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा अशी आशा व्यक्त केली. ट्रेंटनच्या एका टीचर, स्वतः कृष्णवर्णीय, त्यांनी ती अर्पणपत्रिका तीन वेळा पॉज करून वाचली आणि मला विचारलं, हे आम्हाला कोणी सांगितलं कसं नाही? माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला जोडूनच भगतसिंग थिंड यांचा केला, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेला माणूस, आणि १९२३ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की भारतीय 'गोरे' नाहीत म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत. ते दार आपल्यासाठी उघडलं १९४६ च्या कायद्याने. न्यू जर्सीतल्या एडिसन गावातली आपली मुलं हा बघून घरी जाऊन आजी-आजोबांना सांगतात, मग आजी-आजोबांचे मला फोन येतात, की आम्हालाही नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी काहीतरी कर ना गं. म्हणून आता मराठीतूनही छोटे व्हिडिओ चालू केलेत, पूर्ण फुकट.

२०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाची एक जागा गेली, टेक्सासच्या दोन वाढल्या, तेव्हा राजम्याचा व्हिडिओ परत केला. तीच बरणी, तेच टेबल, फक्त यावेळी मुलगी कॅमेऱ्यामागे आणि मी कॅलिफोर्नियातला एक दाणा उचलला. २०२४ मध्ये तिने राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिल्यांदा मत दिलं, मी गाडीत बसून होते, मला मताचा हक्क नाही.

ग्रीन कार्ड आम्हाला २०२१ मध्ये मिळालं, आता पाच वर्षं भरत आली म्हणून माझा स्वतःचा नागरिकत्वाचा फॉर्म भरतेय. नवीन पद्धतीत १२८ प्रश्नांची यादी आहे, त्यातले २० विचारणार आणि १२ बरोबर यायला हवेत. रात्री जेवणं झाली की मुलगी यादी घेऊन बसते आणि मी भांडी विसळता विसळता उत्तरं देते, आणि प्रत्येक उत्तरानंतर ती विचारते, बरं, पण का?