तुम्ही विचारलंत म्हणून: गादीवर हक्क नसताना ॲनने राज्य कसं चालवलं?

फ्रान्समध्ये बाईला गादी मिळत नव्हती, मग ऑस्ट्रियाची ॲन, चौदाव्या लुईची आई, राज्य कशी चालवत होती? हा प्रश्न वारंवार येतो. उत्तर प्रश्नातच आहे. तिला गादी मिळणं शक्य नव्हतं म्हणूनच तिच्या हाती कारभार देणं सोयीचं होतं. पोराचा काका वारसाच्या रांगेत उभा असतो, आई नसते.

तरी तेराव्या लुईचा बायकोवर विश्वास नव्हता. ती स्पेनच्या राजाची बहीण, आणि युद्ध स्पेनशीच. तिचा भावाशी चोरून चाललेला पत्रव्यवहार १६३७ मध्ये पकडला गेला होता. म्हणून एप्रिल १६४३ मध्ये, मरणाच्या दारात असताना, त्याने फर्मान काढलं: मुलगा सज्ञान होईपर्यंत राणी पालक म्हणून कारभार पाहील, पण गास्ताँ (राजाचा भाऊ), काँदे (राजघराण्यातला सरदार), माझारँ (राजाचा मंत्री) वगैरेंच्या परिषदेत बहुमताने ठरेल तेच होईल.

१४ मे रोजी तो वारला. १८ मे रोजी ॲन पावणेपाच वर्षांच्या राजाला घेऊन पॅरिसच्या पार्लमाँमध्ये गेली. ही संसद नव्हे, वरिष्ठ न्यायालय. राजाचे हुकूम तिथे नोंदले जात. परिषदेची अट त्याच दिवशी रद्द झाली. खुद्द गास्ताँ आणि काँदे यांनी हरकत घेतली नाही. संध्याकाळपर्यंत माझारँ मुख्यमंत्री!

चाल बिनतोड, पण माझ्या मते पुढच्या संकटाचं बी इथेच पडलं. मेलेल्या राजाचा शब्द आपण फिरवू शकतो, हे न्यायाधीशांना कळलं. १६४८ मध्ये युद्धाने खजिना रिता झाला. वरिष्ठ न्यायालयांतली पदं वारसाहक्काने टिकवायची तर चार वर्षांचा पगार सोडा, असं सरकारने फर्मावलं. पार्लमाँला यातून वगळलं होतं, फूट पडावी म्हणून. पडली नाही. १३ मे रोजी सगळी न्यायालयं एकत्र आली. २६ ऑगस्टला ॲनने विरोधात पुढे असलेल्या ब्रूसेल या म्हाताऱ्या न्यायाधीशाला पकडवलं, तर शहरभर अडथळे उभे राहिले आणि दोन दिवसांत त्याला सोडावं लागलं. जानेवारी १६४९ मध्ये तर तिला मुलांना घेऊन रातोरात पॅरिस सोडावं लागलं.

फ्रान्सचा राजा तेरा पूर्ण होताच सज्ञान ठरे. त्यामुळे ७ सप्टेंबर १६५१ रोजी पालकत्व कागदावर संपलं. परिषदेत ती पुढेही बसत राहिली. १६६१ मध्ये माझारँ वारला तेव्हा लुईने नवी परिषद नेमली. त्यात आईला जागा नव्हती.