आमच्या देवळातली घंटा

फोनवर पोरगा एवढंच म्हणाला होता, "वसईहून आलोय, चौदा जण. पाचगणीला उतरलोय. वाई, मेणवली, धोम आणि वेळ उरला तर लिंबची बारामोटेची विहीर. आजी-आजोबा बरोबर आहेत, फार चालवू नका." मी पैसे सांगितले. त्याने घासाघीस केली नाही. माणसं बरी असणार, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

मी वाईचा. अर्धा एकर हळद आहे, ती पावसावर आणि बाजारभावावर सोडलेली. उरलेले दिवस लोकांना कृष्णाकाठ दाखवत फिरतो. अकरा वर्षं हेच करतोय, त्यामुळे गोष्टी तोंडपाठ झाल्यात. कुठे थांबायचं, कुठे हशा येतो, कुठे पोरं कंटाळतात, सगळं ठरलेलं. असं तोंडपाठ झालं की माणूस स्वतःचं बोलणं ऐकायचं सोडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

डिसेंबर होता. पसरणी घाट उतरून त्यांचा टेम्पो ट्रॅव्हलर आला तेव्हा खाली धुकं अजून नदीवर पसरलेलं होतं. आजोबा पंचाहत्तरीच्या पुढचे, पण ताठ. आजी दोन, दोघींच्या अंगावर लाल चौकडीचं लुगडं. बाकी मुलं, सुना, नातवंडं. आपसात बोलत होते ती मराठीच, पण माझ्या कानाला अर्धीच कळणारी. फोनवरचा पोरगा म्हणाला, "ही आमची कादोडी. घाबरू नका, तुमच्याशी शाळेतली मराठी बोलू."

आधी ढोल्या गणपती. देऊळ गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. बहुतेक लोक एवढ्या मोठ्या मूर्तीपुढे फोटो काढतात, पेढे घेतात आणि निघतात. मी मात्र माणसांना देवळाच्या पाठीमागे नेतोच. सगळी हुशारी तिथे आहे. देऊळ घाटावर, अगदी नदीच्या पुढ्यात. पूर आला की पाण्याचा सगळा लोंढा मागच्या भिंतीवर येणार. म्हणून ती भिंत सरळ न ठेवता माशासारखी निमुळती केली आहे. लोंढा टोकावर येतो, दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो.

आजोबांनी त्या टोकावरून हात फिरवला. "ही तर होडीची नाळ."

आम्ही वाईकर पिढ्यान् पिढ्या मासा मासा म्हणतोय. समुद्राकाठच्या माणसाला होडी दिसली. मला आवडलं ते, पुढच्या ग्रुपला सांगायचं असं मनात टिपून ठेवलं.

मग बोलता बोलता ते म्हणाले, "आमच्या देवळातली घंटा मी वाजवायचो. दहा वर्षांचा असल्यापासून. दोर एवढा जाड की हातात मावायचा नाही."

"कोणाचं देऊळ?" मी विचारलं.

"गावचं. मोठं देऊळ."

त्यांची नात तोंडावर ओढणी धरून हसली. मला वाटलं, म्हातारा थापा मारत असेल म्हणून हसली. देवळात दोघीतिघींनी गणपतीला हात जोडले, बाकीचे बाहेर घाटाच्या पायरीवर बसून राहिले होते. तेही माझ्या लक्षात आलं, पण सकाळच्या उन्हात बसणाऱ्या माणसांत लक्षात येण्यासारखं काय असतं?

मेणवली तिथून तीनेक किलोमीटर. या रस्त्यावर मी वसईची गोष्ट सांगतो, कारण बरोबर तेवढाच वेळ मिळतो. आणि आज तर गाडीत वसईचीच माणसं! मला चेव आला. चिमाजी अप्पांचा वेढा, बुरुजाखाली पेरलेले सुरुंग, दोन्ही बाजूंना पडलेली माणसं, ते तोफेचं प्रसिद्ध वाक्य, मे १७३९ मध्ये किल्ल्यावर फडकलेलं निशाण, काही सोडलं नाही. शेवटी ठेवणीतलं वाक्य टाकलं: "आणि फिरंग्यांच्या चर्चमधल्या घंटा उतरवून आपण आपल्या देवळांत आणल्या! एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक भीमाशंकरला. आणि एक वसईच्या लढाईनंतर नानांनी थेट मेणवलीत आणून टांगली, ती आता आपण बघणार आहोत."

मागच्या सीटवर टाळ्या पडल्या. मी खूश.

नाना फडणवीसांच्या वाड्यात त्या दिवशी फार रेंगाळलो नाही. सहा चौकांचा वाडा, जिने अरुंद, आजींचे गुडघे धरलेले. भिंतींवरची चित्रं दाखवली. पेशवाईच्या कारभाराचं मोडीतलं प्रचंड दप्तर इथे होतं, ते आता पुण्याला डेक्कन कॉलेजात आहे, हे सांगितलं. नाना १७४२ साली जन्मले, १८०० साली गेले, हेही सांगितलं. पोरांना हिंदी सिनेमातला घाट कधी बघतो असं झालं होतं, म्हणून वाड्याच्या मागच्या बाजूने आम्ही नदीवर उतरलो.

मेणवलीचा घाट मी हजारदा पाहिला असेन, तरी उतरताना पाय हळू पडतात. नदी इथे अगदी निवांत आहे. एका बाजूला मेणेश्वर, जवळ विष्णूचं देऊळ, आणि मेणेश्वराशेजारी छोट्या दगडी बांधकामात ती घंटा. अंगावर १७०७ साल आणि बाळाला घेतलेली आई. माझा इथे एक ठरलेला विनोद आहे: पोरांना विचारायचं, ओळखा कोण? कुणीतरी यशोदा म्हणतंच. मग मी म्हणायचं, "चुकलात!"

तो विनोद करायला मी तोंड उघडलं आणि थांबलो. मोठ्या आजी पायरीशी चपला काढत होत्या. देवळासमोर चपला काढतात. या घंटेसाठी काढलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. त्या वर गेल्या, त्या आईच्या चित्रावर चार बोटं ठेवली, मग तीच बोटं कपाळाला, छातीला, डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला लावली. मागून धाकट्या आजी. मग सुना. मग टाळ्या वाजवणारे दोघे.

आमच्या देवळातली घंटा. गावचं मोठं देऊळ.

पोरगा माझ्याजवळ आला. "दादा, फोनवर सांगायचं राहिलं का? आम्ही सगळे ख्रिश्चन."

"मग टाळ्या कसल्या वाजवल्यात?"

"छान सांगत होतात की. आम्हालाही शाळेत चिमाजी अप्पांचा धडा होता."

माझे कान गरम झाले. गाडीत मी काय काय बोललो ते एकेक आठवायला लागलं. "फिरंगी" तर चाललं असतं, ते परके होतेच. मला टोचत होतं ते "आपण" आणि "आपल्या". दहा मिनिटांत ते मी किती वेळा म्हटलं असेन, आणि या चौदा जणांना त्यातून अलगद बाहेर बसवून आलो होतो. त्यांच्याच गावची गोष्ट सांगताना.

आजोबांजवळ जाऊन म्हटलं, "काका, माझं बोलणं जरा जास्तच झालं. मनावर घेऊ नका."

ते घंटेभोवती फिरत तिचा काठ बघत होते. "घ्यायचं काय त्यात? आमच्या पूर्वजांची देवळं आधी पोर्तुगीजांनी पाडली. मग मराठे आले, त्यांनी घंटा नेल्या. मग इंग्रज आले. आम्ही तिथेच होतो, भात लावत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण एक सांगा. वसईची लढाई कोणत्या साली म्हणालात?"

"१७३९."

"आणि वाड्यात म्हणालात, नाना १७४२ साली जन्मले."

"हो."

"मग त्यांनी लढाईनंतर थेट घंटा आणली कशी? जन्मायच्या आधी?"

नात पुन्हा हसली. या वेळी का हसली ते मला कळलं. अकरा वर्षं ही दोन वाक्यं मी तासाभराच्या अंतराने बोलत आलोय. शाळांच्या सहली झाल्या, प्राध्यापक झाले, परदेशातून आलेले पाहुणे झाले. एकानेही वजाबाकी केली नव्हती. मीही नाही.

तेवढ्यात दुसरं एक कुटुंब घाट उतरून आलं. गॉगलवाले गृहस्थ, बायको आणि एक पोरगा. घंटेपाशी दोन्ही आजी उभ्या होत्या, त्यांना म्हणाले, "काकू, दर्शन झालं असेल तर जरा बाजूला, फोटो काढायचाय." मग माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून मला, "काय हो, ही जिंकून आणलेली घंटा ना?"

मी म्हटलं, "ही वसईची. आणि ही माणसंही वसईचीच आहेत. त्यांनाच विचारा."

गृहस्थांनी लुगड्यांकडे पाहिलं. मोठ्या आजी म्हणाल्या, "आमच्या देवळातली घंटा आहे, बाबा."

"असं होय!" त्यांनी गॉगल काढला आणि घंटेला, आजींना, दोघांनाही मिळून मनोभावे नमस्कार केला. पोरालाही करायला लावला. आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही. ते गेल्यावर धाकट्या आजी पदरात तोंड घालून जी हसायला लागली, ती थांबेचना.

बारा वाजायला आले होते. आजोबांनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, "वाजवली तर चालेल?" येणारा जाणारा पोरगा ती घंटा बडवून जातो, यांनीच विचारलं. मी मान हलवली.

आम्ही लोक घंटा मारतो. लोलक हातात धरून काठावर आपटायचा, आवाज झाला की पुढे. आजोबांनी आधी लोलक थांबवला, पूर्ण स्थिर होऊ दिला. मग तीन टोले, एकेक सुटा. थांबले. आवाज नदीवरून पलीकडच्या उसात जाऊन विरेपर्यंत थांबले. पुन्हा तीन. पुन्हा थांबले. पुन्हा तीन. मधल्या शांततेत सगळे जण तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते; आजींचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. शेवटी सलग नऊ. पोरगा हळूच म्हणाला, दुपारची प्रार्थना, गावात रोज बाराला अशीच वाजते, सकाळ-संध्याकाळीही.

ती घंटा इतकी खर्जात बोलते, हे मला माहीत नव्हतं. तिचा आवाज म्हणजे ठणठणाट, अशीच माझी समजूत होती. बडवल्यावर दुसरं काय होणार?

वरून मेणेश्वराचे गुरव लगबगीने उतरत आले, हातात नैवेद्याचं ताट, तापलेल्या दगडांवर अनवाणी. मला वाटलं, आता विचारणार, हा काय प्रकार. ते धापा टाकत म्हणाले, "बारा वाजले का रे? आज घंटा नीट वाजली म्हणून कळलं तरी." आणि नैवेद्य दाखवायला आत गेले.

धोमला मग आम्ही अर्धा तासच होतो. महादेवाच्या देवळापुढचा तो नंदी, कमळाच्या आकाराच्या हौदात कासवाच्या पाठीवर बसलेला, पोरांना फार आवडला. हौदात पाणी भरलं की कासव पोहतंय असं वाटतं. वर धरण आहे, साडेतेरा टीएमसीचं, ते आजोबांनी लांबूनच पाहिलं आणि "एवढं पाणी कुठे जातं?" असं विचारून माझ्याकडून सगळा हिशेब घेतला. आता मी प्रत्येक आकडा बोलायच्या आधी मनात तपासत होतो.

लिंबच्या विहिरीवर मात्र ते रमले. ती आहेच तशी. शाहू महाराजांच्या काळात वीरुबाईंनी बांधून घेतली, आठ कोनांची, शंभर फुटांवर खोल, आणि विहिरीवरच बसायला दगडी महाल. आमच्याकडचे लोक महालात फोटो काढतात. आजोबा मोटेच्या जागी जाऊन उभे राहिले. त्यांच्या वाडीत रहाट होता. बैल गोल फिरायचा, पोहरे भरून वर यायचे, आणि त्या पाण्यावर केळी, पानवेल, फुलं. "आता आमच्या विहिरींचं पाणी मचूळ झालं," ते म्हणाले. "टँकरवाल्यांनी उपसलं, उपसलं, मग खाडी आत आली. फुलं गेली." बराच वेळ खाली वाकून बघत होते. तळातल्या पाण्यात आभाळाचा अष्टकोन दिसत होता.

निघताना मोठ्या आजींनी पिशवीतून केळीच्या पानात बांधलेली जुडी काढून माझ्या हातात दिली. सुकेळी. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, वसईतच. मी पैशांचं पाकीट आधीच घेतलं होतं, तरी ती जुडी घेताना अवघडलो. "घरी पोरांना दे," त्या म्हणाल्या. "आणि घंटेकडे लक्ष ठेव."

पुढच्या रविवारी नागपूरचा ग्रुप होता. गणपतीच्या मागची भिंत दाखवून त्यांना होडीची नाळ म्हणून सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मेणवलीच्या रस्त्याला लागल्यावर चालकाशेजारी बसून मागे वळलो आणि सवयीने सुरू झालो: "फिरंग्यांच्या चर्चमधल्या घंटा उतरवून आप..."

तिथेच अडलो.

मागून कुणीतरी विचारलं, "काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही, खड्डा होता."