पीआरचं रिबेस बॉटकडे सोपवताना

आमची टीम बाणेरला बसते, पण निम्मे रिव्ह्यू कॅलिफोर्नियातून येतात. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेबारा तासांचं अंतर असतं. इथे सकाळी रद्द झालेलं अप्रूव्हल (रिव्ह्यूची मंजुरी) परत मिळवायला रात्र व्हावी लागते. पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) रिबेस करणं, म्हणजे त्यातले बदल ताज्या मुख्य कोडवर पुन्हा चढवणं, आपोआप करायचं ठरवलं, तेव्हा हे अंतर हिशेबात धरलंच नव्हतं.

मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य शाखेवर) आमचा नियम होता: मर्जआधी, म्हणजे बदल मेनमध्ये मिसळण्याआधी, पीआरची ब्रँच अद्ययावत हवी. नियम मला आजही पटतो, कारण कॉन्फ्लिक्ट (एकमेकांशी भिडणारे बदल) नसलेले दोन पीआरसुद्धा एकत्र आल्यावर मोडतात. जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये दोघांनी ००४१ च्या पुढे आपापलं ००४२ मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणारी फाईल) लिहिलं आणि फायलींची नावं वेगळी असली, तर गिटला काहीच खटकत नाही. मर्जनंतर मात्र साखळीला दोन टोकं होतात आणि मायग्रेट ही आज्ञा थांबते.

पहिल्या वर्कफ्लोत (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांच्या फाईलीत) मेन पुढे सरकली की सगळे उघडे पीआर रिबेस होत. गणपती विसर्जनाच्या सुट्टीनंतर १० पीआर थांबलेले असले, तर चाचण्यांच्या सुरुवातीच्या १० फेऱ्या, पहिल्या मर्जनंतर ९, मग ८, अशा ५५ फेऱ्या होतात. आमची एक फेरी १८ मिनिटांची, म्हणजे रनरचे (चाचण्या चालवणाऱ्या मशीनचे) साडेसोळा तास. म्हणून 'मर्जला तयार' असं लेबल ठेवलं आणि रांगेतला फक्त पहिला पीआर रिबेस करायला लागलो.

मग खऱ्या अडचणी दिसल्या. गिटहब ॲक्शन्स या वर्कफ्लो चालवणाऱ्या सेवेतलं चेकआउट मुळात एकच कमिट (बदलाची नोंद) आणतं. तेवढ्यावर रिबेस केलं तर समान पूर्वज सापडत नाही आणि भलतेच कॉन्फ्लिक्ट दिसतात. फेच-डेप्थ ० केल्यावर पूर्ण इतिहास येतो. बॉटचं नाव आणि ईमेल कॉन्फिगमध्ये भरावं लागतं. रिबेसनंतर ऑथर मूळचाच राहतो, कमिटर मात्र बॉट होतो. कमिट नव्याने तयार होत असल्यामुळे मूळ माणसाची डिजिटल सही उरत नाही. सहीची सक्ती असेल तर बॉटला सहीसाठी स्वतःची की लागते.

पुशच्या (बदल सर्व्हरवर पाठवण्याच्या) बाबतीत ढिलाई नको. नुसतं फोर्स-विथ-लीज (मधे दुसऱ्या कुणी बदल टाकला नसेल तरच जुनी ब्रँच पुसून लिहिणारं पुश) पुरेसं नाही. ते रिमोट ब्रँचच्या आपल्याकडच्या शेवटच्या नोंदीशी तुलना करतं. मधे कुठे फेच (रिमोटची ताजी स्थिती आणणं) झालं असेल तर ती नोंद पुढे सरकते आणि सहकाऱ्याने नुकतंच टाकलेलं कमिट मुकाट्याने पुसलं जातं. सुरुवातीला ब्रँचचा हॅश (शेवटच्या कमिटचा ओळखक्रमांक) टिपून तोच लीजला द्यायचा. पुश नाकारला गेला तर पीआर सोडून द्यायचा, पुढच्या फेरीत बघू.

पुश झाला, पण चेक (पीआरवर आपोआप चालणाऱ्या चाचण्या) सुरूच होईनात, असा एक दिवस गेला. ॲक्शन्सच्या नेहमीच्या टोकनने (प्रवेशाच्या किल्लीने) केलेल्या पुशवर नवे वर्कफ्लो सुरू होत नाहीत. ते स्वतःलाच पुन्हा पुन्हा चालवत बसू नयेत म्हणून ही रचना आहे. आम्ही गिटहब ॲप बनवून त्याचं टोकन वापरलं. त्याला कंटेंट्स आणि पुल रिक्वेस्ट्स यांची लिहिण्याची परवानगी लागते, आणि पीआरमध्ये वर्कफ्लोचीच फाईल बदलली असेल तर वर्कफ्लोजचीही. टोकन एक तास टिकतं.

पीआरमध्ये कुणी मेन मर्ज केलेली असेल तर बॉटने त्याला हात लावू नये. साधं रिबेस मर्ज कमिट गाळतं आणि त्यात सोडवलेले कॉन्फ्लिक्ट पुन्हा समोर येतात. आधी गिटच्या रिव्ह-लिस्ट आज्ञेला --मर्जेस देऊन मर्ज कमिट मोजायचे. शून्य असेल तरच पुढे जायचं.

एवढं करूनही अप्रूव्हल्स गळतच होती, कारण नवीन पुशवर जुनं अप्रूव्हल रद्द करायचं सेटिंग आम्ही ठेवलं होतं. ते काढणं मला मान्य नव्हतं. अखेर गिटहबची मर्ज क्यू, म्हणजे मर्जची रांग, चालू केली. ती पीआरची ब्रँच न बदलता, मेन आणि रांगेत त्याच्या आधी असलेले पीआर धरून तात्पुरती ब्रँच बनवते आणि चाचण्या तिथे चालवते. वर्कफ्लोत मर्ज_ग्रुप हा ट्रिगर लिहायला विसरलात तर चेकची वाट बघत रांग अडकते. खाजगी रेपोसाठी (कोडच्या भांडारासाठी) मात्र ही सोय गिटहबच्या एंटरप्राइझ क्लाउड योजनेवरच मिळते. ते नसेल तर पहिला-पीआर-फक्त हीच पद्धत ठेवा.

आता बॉट फक्त अप्रूव्ह न झालेले, मागे पडलेले पीआर रोज संध्याकाळी ७:१७ ला रिबेस करतो, म्हणजे तिकडची सकाळ सुरू होताना ते ताजे असतात. क्रॉन (ठरलेल्या वेळेची नोंद) आम्ही यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहितो, म्हणून १३:४७. बरोबर तासाला गर्दीमुळे फेऱ्या उशिरा सुटतात. कॉन्फ्लिक्ट आला तर गिट डिफच्या यू फिल्टरने कॉन्फ्लिक्ट असलेल्या फायलींची यादी घ्यायची, मगच रिबेस ॲबॉर्ट (रद्द) करायचं. क्रम उलटला तर यादी रिकामी येते. ती यादी कॉमेंटमध्ये जाते आणि पुढचं काम पीआरच्या मालकाचं.