गौरीचा गोचीडताप
मागच्या पावसाळ्यात आमची गौरी, एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीची संकरित) गाय, वैरणीला तोंडच लावेना, ताप १०६, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली. डॉक्टरांनी कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचेवर घेतलं न रिपोर्ट आला थायलेरिया! गोचिडांमुळे पसरणारा परजीवी, आधी पांढऱ्या पेशीत वाढतो मग लाल पेशीत शिरतो, आणि संकरित गाईंना देशीपेक्षा जास्त जड जातो हे तेव्हा कळलं. ब्युपार्व्हाक्वोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून वाचली बिचारी. हा थायलेरिया माणसाला होत नाही, पण त्याचा भाऊबंद बबेसिया होतो, अमेरिकेत तर बऱ्याच जणांना, आणि प्लीहा काढलेली असेल तर जिवावरच बेततं. परवा गोठ्याच्या भिंतीतल्या सगळ्या फटी सिमेंटनं बुजवल्या, गोचीड तिथंच अंडी घालतात.