दवबिंदूचं जेवण

घरात मांसाहारी झाड आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग त्याला खायला काय घालता?" मीही सुरुवातीला याच काळजीत होतो. माझा दवबिंदू म्हणजे ड्रॉसेरा कॅपेन्सिस, मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या केपचा. पट्टीसारखी लांब पानं, त्यांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चमकणारा थेंब. हा थेंब दवाचा नव्हे, डिंकासारखा चिकट. त्यावर चिलट टेकलं की आजूबाजूचे केस त्याच्याकडे वाकतात आणि मग पानच त्याच्याभोवती गुंडाळायला लागतं. पहिल्या शिकारीच्या वेळी मी खुर्ची ओढून बसलो होतो. मध्येच डुलकी लागली. जागा झालो तोवर पानाने घडी घातली होती.

पुढे चिलटं दिसेनात, तेव्हा माझा जीव राहवेना. डार्विनने या झाडांना मांसाचे आणि उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकाचे तुकडे भरवले होते, १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर जाडजूड पुस्तकही काढलं होतं. मग आपण चीजचा एक कण ठेवला तर काय बिघडलं? बिघडलं ते असं की कणावर बुरशी धरली आणि पान काळं पडलं.

खरं तर याचं पोट भरतं उन्हावर. किडे हवेत ते नायट्रोजनसाठी, कारण हा वाढतो तिथल्या दलदलीच्या मातीत सत्त्व असं नसतंच. म्हणून कुंडीत नुसतं पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, आणि परलाइटचे हलके पांढरे खडे, खत अजिबात नाही. सगळ्या कुंड्यांना मूठमूठ शेणखत घालायची सवय झालेल्या हाताला हे फार जड जातं. पाणीसुद्धा पावसाचं किंवा डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातले क्षार साठत गेले की झाड खंगतं.

पावसाळ्यात मी बादल्या भरून ठेवतो. मात्र ढगाळ दिवस लांबले की पानांची लाली उतरते, ती हिरवी आणि लुळी होतात. कडक उन्हाळ्यात दुपारी थेंब सुकतात. कुंडीखालच्या ताटलीत पाणी असलं तर सकाळी परत हजर. हिवाळ्यात वाढ मंदावते, एवढंच. थंड प्रदेशातले याचे भाऊबंद मात्र तेव्हा पानं गाळून घट्ट कळीएवढे होऊन झोपतात, आणि मेले समजून कचऱ्यात जातात.

गेल्या वर्षी लांब दांड्यावर गुलाबी फुलं आली. रोज एकच फूल, तेही लख्ख उजेड असेल तरच, काही तासांपुरतं. परागीकरणही स्वतःचं स्वतःच उरकतो हा. बी धुळीसारखं बारीक. कधी सांडलं मला कळलंच नाही.

परवा शेजारच्या फ्लायट्रॅपच्या, म्हणजे दुसऱ्या एका मांसाहारी झाडाच्या, कुंडीत काहीतरी चमकलं म्हणून भिंग आणलं. टाचणीच्या डोक्याएवढी तीन रोपं, थेंबांसकट. त्यातल्या एकावर एक काळा ठिपका चिकटलेला होता, आणि केस त्याच्याकडे वळायला लागले होते.