सायलेन्सरची खडखड : काम कुठवर आलं

गाडी 1.2 लिटरची पेट्रोल हॅचबॅक. एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की खालून छणछण, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावे तशी. एसी बंद केला की गप्प. बहुतेक ठिकाणी यावर पहिलं उत्तर मिळतं, ‘सायलेन्सर बदला.’ इतक्यात नको.

आधी आवाजाची जात ओळखायची. छणछण म्हणजे पातळ पत्रा, बहुधा हीट शिल्ड (गरम पाइपावरचं उष्णता अडवणारं पत्र्याचं आवरण). खुळखुळ म्हणजे कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) किंवा सायलेन्सरच्या आत काहीतरी सुटलंय. ब्रेकरवर ठक्‌ झालं तर हँगरचं, म्हणजे पाइप गाडीखाली टांगणाऱ्या कडीचं, रबर. थंड इंजिनवर टकटक आणि तापल्यावर कमी, तर मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांच्या सांध्याची, गास्केट. धातू तापून फुगतो आणि फट दाबली जाते. न्यूट्रलमध्ये आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) हळूहळू 800 वरून 2500 पर्यंत नेलं. आवाज 850 च्या आसपास, मग थेट 1600 ला, मधे शांत. ठरावीक आरपीएमलाच वाजतो तो सैल पत्रा. गळती असती तर रेस देऊ तसा आवाज चढत गेला असता. एसीचं कोडंही यातच सुटतं : एसीच्या कॉम्प्रेसरचा भार आला की आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत रेस न देता, इंजिन जास्त थरथरतं.

काम सकाळी सहाला, गाडी रात्रभर थंड झाल्यावर. नागपुरात मे महिन्यात दुपारी डांबर मऊ पडतं आणि जॅक स्टँडचे पाय त्यात रुततात, म्हणून खाली 18 मिमी प्लायचे तुकडे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, राजेहो.

रबरी हातोडीने पुढून मागे ठोकत गेलो. कॅट ठोस वाजला, आत खुळखुळ नाही. हे बरं झालं. मिसफायर होत राहिलं, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटलं नाही, की न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते किंवा फुटते. तिथे क्लिप लावून भागत नाही. आधी स्पार्क प्लग आणि त्याला वीज देणारी कॉइल दुरुस्त करायची, मग कॅट. आतली जाळी काढून रिकामं नळकांडं बसवणारे भेटतील. धूर वाढेल, पीयूसीत गाडी अडकेल.

चोर मधल्या पाइपवरच्या शिल्डमध्ये सापडला. बोल्ट जागेवर घट्ट, पण त्याच्याभोवतीचा पत्रा गंजून भोक रुपयाच्या नाण्याएवढं झालेलं. बोल्टचं डोकं त्यातून आरपार जातं, मग कितीही आवळा. दोन भोकांना 6 मिमी छिद्राचे, 30 मिमी रुंद स्टीलचे वॉशर दोन्ही बाजूंनी लावले. तिसऱ्या जागी बोल्टच तुटलेला, तिथे स्टेनलेसची होज क्लिप, म्हणजे स्क्रूने आवळायची गोल पट्टी. सुतळीने शिल्डचा घेर मोजला, 28 सेंमी. म्हणजे व्यास सुमारे 89 मिमी, म्हणून 80 ते 100 मिमीची क्लिप. साधी जस्ताची घेऊ नका, उष्णतेने मुलामा जातो आणि पावसाळ्यात गंज धरतो. पत्रा हलायचा थांबला की आणखी अर्धा फेरा, बस. जास्त आवळली तर शिल्ड चेपून पाइपाला टेकते आणि नवी खडखड सुरू.

मागच्या हँगरच्या रबराला भेगा होत्या, तेही बदललं. नवं चढवताना साबणाचं पाणी लावायचं. इंजिन ऑइल किंवा ग्रीसने रबर फुगून सैल पडतं.

शेवटी गळतीची तपासणी, उघड्यावरच, कारण बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो. जाड हातमोजा घालून टेलपाइपवर ओलं फडकं दोन-तीन सेकंद दाबलं. सांध्यातून फुसफुस नाही.

आता एसी लावूनही आयडलिंग शांत आहे. फक्त रिव्हर्समध्ये क्लच सोडताना एक बारीक ठोका उरलाय. संशय इंजिन माउंटिंगवर, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांच्यावर आहे. 200 किमी झाल्यावर क्लिप पुन्हा आवळायची आहे, कारण तापून-थंडावून ती थोडी सैल होतेच. त्याच वेळी माउंटिंगही बघू.