आमच्या मंडळाच्या सुभद्रा

१८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्याच्या पूर्णानंद नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्रा’चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले. त्या तारखेच्या सर्वांत जवळचा रविवार हा सदाशिव पेठेतल्या आमच्या नाट्यसंगीत मंडळाच्या वार्षिक मेळाव्याचा, असा पायंडा पूर्वीच्या कार्यकारिणीने पाडला आणि आम्ही तो चालवत आलो. दीपप्रज्वलन, अहवालवाचन, हिशेबाला मंजुरी आणि पाहुण्यांना शाल-श्रीफळ हे सारे रीतीप्रमाणे पार पडते. अहवाल चिटणीस या नात्याने मीच वाचतो आणि तो कोणीही ऐकत नाही, एवढे सांगितले की त्या भागाबद्दल पुरे.

लोक थांबतात ते सरांच्या भाषणासाठी. मराठीचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले आमचे सर दरवर्षी एकाच विषयावर बोलतात : ‘सौभद्रा’ची नायिका सुभद्रा रंगमंचावर कोणी कशी उभी केली. त्यांना वीस मिनिटे दिलेली असतात, ते तासभर घेतात, आणि त्यांना वेळेची चिठ्ठी पाठवायची नाही हे सर्वांना ठाऊक असते. सुरुवात सुभद्रेची भूमिका करणारे गायक नट भाऊराव कोल्हटकर यांच्यापासून होते. त्यांच्या उंच, धारदार आवाजाची वर्णने पुष्कळ आहेत, पण आवाज उरलेला नाही, कारण भाऊराव १९०१ साली गेले आणि भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली. एवढे सांगून सर ‘वद जाऊ कुणाला शरण’ हे पद गाणे सोडून नुसते बोलून दाखवतात. बलरामदादाने दुर्योधनाशी लग्न ठरवले आहे, अर्जुन तीर्थयात्रेला निघून गेलेला आहे, कृष्णाच्या मनात काय आहे ते कळत नाही, आणि सुभद्रा सखीला विचारते आहे की आता जाऊ तरी कोणाकडे. चाल काढून घेतल्यावर त्यातला संताप असा काही उघडा पडतो, की हे दरवर्षी ऐकूनही माझा गळा दाटून येतो. जोगिया रागाच्या सुरांनी आपण त्या पदाला फार लवकर करुण करून टाकले आहे, असे मला तेव्हा वाटते.

त्यानंतर बालगंधर्व. अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी साथीला असताना गंधर्व नाटक मंडळीत ही सुभद्रा कशी रंगत असेल, हे सर अशा थाटात सांगतात की जणू त्या रात्री ते स्वतः पिटात बसले होते. लाडिक शब्दफेक, एकाच ओळीवर पुन्हापुन्हा नव्या वाटेने येणे, आणि ‘वन्स मोअर’ मिळाल्यावर नाटक खुशाल थांबवून ठेवणे. माझे मत येथे सरांहून निराळे आहे. बालगंधर्वांच्या गाण्यापुढे मीही हात जोडतो, परंतु ध्वनिमुद्रिका ऐकताना मला गंधर्व भेटतात, सुभद्रा भेटत नाही. सर यावर हसतात आणि म्हणतात, ‘तुम्ही रेकॉर्ड ऐकलीत, शालूचा पदर पाहिला नाहीत.’ तो पदर त्यांनीही पाहिलेला नाही, हे मी वयाचा मान राखून बोलत नाही.

भाषणातला सर्वांत सुंदर भाग हिराबाई बडोदेकरांचा असतो. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतल्या मुलींनी रंगमंचावर उभे राहणे समाजाला खपत नव्हते, त्या काळात हिराबाईंनी स्वतःची नाटक कंपनी काढून सुभद्रा केली. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला आधी बाई सिद्ध करावी लागे आणि मग सुभद्रा. हिराबाईंची पहिली पायरी वाचली, म्हणून अभिनय शांत राहू शकला, अशी सरांची मांडणी आहे आणि ती मला पूर्ण पटते. किराणा घराण्याच्या या गायिकेचा तो मऊ, सुरात भिजलेला स्वर तक्रारही हळू आवाजात करतो. ती अधिक लागते की कमी, यावर मेळाव्यात दरवर्षी वाद होतो.

जयमाला शिलेदार आणि कीर्ती शिलेदार या मायलेकींवर आले की मात्र मी तटस्थ राहू शकत नाही. बालगंधर्वांची गायकी जयमालाबाईंनी व्रतासारखी जपली. त्यांची सुभद्रा शब्दांना जागणारी, कुठेही तोल न सोडणारी होती. कीर्तीताईंनी तीच भूमिका आईच्याच वळणावर केली, तरी त्यांच्या पदात सखी कुसुमावती सतत समोर असे. तान घेतानाही नजर तिच्यावरून हटत नसे, आणि तान संपली की पुढचा गद्य संवाद त्याच श्वासात येई. गाणारी नटी पुष्कळदा प्रेक्षकांकडे वळते आणि सखीची भूमिका करणारी बिचारी खांबासारखी उभी राहते. कीर्तीताईंच्या प्रयोगात ते कधी दिसले नाही. २०२२ च्या जानेवारीत त्या गेल्या. त्या वर्षीच्या मेळाव्यात सरांनी हा भाग मला बोलायला लावला, आणि टाळ्यांपेक्षा मला याचे समाधान अधिक आहे की वेळेत संपवले.

भाषणानंतर मंडळाच्या तीन मुली ‘वद जाऊ’ हेच पद तीन वळणांनी गातात. त्यांना महिनाभर स्वतःच्या घरी बसवून शिकवणाऱ्या मावशी, ऑर्गनचे भाते दुरुस्त करून देणारे काका, तबल्याला बसणारा आणि त्यासाठी रजा टाकणारा बँकेतला मुलगा, तानपुरे रिक्षातून मांडीवर आणणाऱ्या दोघी बहिणी, सतरंज्या घालणारे, ध्वनिक्षेपक सांभाळणारे, निमंत्रणपत्रिकेचे मुद्रितशोधन करणाऱ्या वहिनी, मसालेभाताचे आचारी आणि रात्री उशिरापर्यंत कुरकुर न करता थांबणारे सभागृहाचे रखवालदार, या सर्वांचे ऋण आहे. नावे छापत नाही, कारण एका वर्षी एक नाव राहिले आणि त्यावरून झालेला अबोला अजून मिटलेला नाही. खुर्च्या मोजून परत करणारे आजोबा वर राहिले होते, त्यांचाही यात समावेश समजावा.

उपस्थितीबद्दल लिहू नये असे ठरवले होते, पण राहवत नाही. चिंचवडहून दोन बस बदलून येणाऱ्या आजी पहिल्या रांगेत वेळेआधी बसलेल्या असतात, आणि सभागृहाच्या समोरच्या इमारतीत राहणारे आजीव सभासद मसालेभाताचा वास सुटल्यावर जिना उतरतात. त्यांतल्या एकांनी गेल्या वर्षी मला विचारले, ‘सुभद्रा झाली का?’ सरांचे हिराबाईंवरचे बोलणे नुकतेच संपले होते. मी त्यांना ताट दिले.